डाकोटाचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

माझे वडील टपालखात्यात होते. काही वर्षं त्यांची रात्रपाळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर असायची. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि नागपूर तिचं मधलं ठाणं झालं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही गावांहून रात्री विमानं निघायची, ती इथं एकत्र यायची. थैल्यांची अदलाबदल झाली की पुन्हा आपापल्या वाटेनं. बाबा म्हणायचे, "अरे, विमान दिसायच्या आधी ऐकू यायचं. मग आम्ही हातातला चहा खाली ठेवायचो." सुरुवातीच्या त्या रात्रींचं विमान म्हणजे डाकोटा.

तो आवाज मी ऐकला, पण फार उशिरा आणि अर्धवट. 26 जानेवारी 2021 च्या संचलनात दोन हेलिकॉप्टरांच्या मधून एक डाकोटा उडत गेला. मी टीव्हीला कान लावून बसलो होतो. समालोचनात इंजिनाचा आवाज पार बुडाला. आज मी रेडिओवर बोलतोय, म्हणून मुद्दाम आवाजाबद्दलच बोलतो. संग्रहालयात उभ्या असलेल्या विमानाचा आकार तेवढा आपल्याला बघायला मिळतो. बाकीचं सगळं ते उडतं ठेवणाऱ्यांच्या हातात असतं.

हा डाकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त झाला. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी तो वायुसेनेला भेट दिला. त्यांचे वडील वायुसेनेत डाकोटाचे वैमानिक होते. 2018 च्या एप्रिलमध्ये तो युरोप आणि आखातावरून टप्प्याटप्प्यानं उडत जामनगरला उतरला. त्याच्या अंगावर व्हीपी 905 हा क्रमांक आहे. 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला गेलेल्या डाकोटाचा हा क्रमांक. विमान मात्र ते नव्हे. दुसऱ्या विमानाचा क्रमांक असा लावावा का, यावर जाणकार वाद घालतात, आणि घालावाच. मला स्वतःला त्यात खोट वाटत नाही, फक्त सांगताना ते स्पष्ट सांगायला हवं.

आता जरा इंजिनाजवळ या. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनाला चौदा सिलिंडर, चक्राच्या आऱ्यांसारखे गोलाकार बसवलेले. विमान काही तास उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच इंजिन सुरू केलं तर आतला दांडा वाकतो. म्हणून आधी मेकॅनिक पंख्याचं एकेक पातं हातानं फिरवतो. मध्येच पातं अडलं की जोर लावायचा नाही. खालच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढायचा, तेल ओघळू द्यायचं, मग पुढे. ते अडणं तळहाताला कळावं लागतं. पुस्तकात एवढंच लिहिता येतं की, जोर लावू नका.

टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाचं तर काम शिंप्याचं आहे. पंखांचा सांगाडा लाकडी, त्यावर कापड. प्रत्येक फासळीला ते मेणदोऱ्यानं टाचायचं, ठरावीक अंतरावर गाठ मारायची. मग डोप नावाचं द्रावण चढवलं की कापड आवळून ढोलकीच्या पानासारखं ताणलं जातं. हातानं पंखा फिरवून इंजिन चालू करायचं; स्टार्टर नाही, ब्रेकही नाहीत. वायुसेनेचं असं एक विमान दुरुस्त होऊन 2012 च्या वायुसेना दिनी हिंडनला उडालं.

हे हात आपल्याकडे होतेच, श्रोतेहो. दुसरं महायुद्ध संपल्यावर लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमानं परकीय सैन्यानं कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली चाळीसेक पुन्हा उभी केली आणि 1968 पर्यंत आपल्या वायुसेनेनं ती वापरली. त्यांतलंच एक पुढे अमेरिकेत गेलं, तिथं नव्यानं दुरुस्त झालं आणि 1989 मध्ये परत आकाशात गेलं.

उलट, आपल्या सोनेगावला एक बोइंग 720 आठवत असेल. 1991 मध्ये उतरलं ते उतरलंच. 2015 मध्ये हलवेपर्यंत चोवीस वर्षं धावपट्टीजवळ उन्हापावसात उभं होतं. आमच्या उन्हाळ्यात रबर तडकतं, रंगाचे पोपडे निघतात. त्या विमानासाठी कोणी काही केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

जुनी विमानं उडवावीत का, हा प्रश्न मात्र खरा आहे. 12 नोव्हेंबर 2022 ला अमेरिकेत डॅलसच्या प्रदर्शनात दोन जुनी विमानं हवेत धडकली आणि सहा माणसं गेली. त्यानंतर मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. तरी माझं मत बदललं नाही. कमी उडवावीत, स्वच्छ हवेत, गर्दीपासून लांब, पण उडवावीत. इंजिन चालूच झालं नाही, तर ते अडलेलं पातं ओळखणारा नवा माणूस तयार कसा होणार?

आपल्या गावात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. इथल्या कितीतरी घरांत निवृत्त मेकॅनिक, फिटर, टपालवाले आहेत. तुमच्या घरी असे आजोबा असतील, तर आज रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्या. माझ्या बाबांचं मी टिपलं नाही. आधी एवढंच विचारा: आजोबा, विमान मुंबईचं की मद्रासचं, हे आवाजावरून कळायचं का?