गुजरीत डाख दिलेली नळी

नमस्कार मंडळी. गळ्यातल्या नळीवर ऐकायला कोल्हापूरचं शाहू स्मारक एवढं भरेल असं वाटलं नव्हतं. बाहेर दसरा चौकात पाऊस आहे हे मला ठाऊक आहे, तरी आभार. पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: 'दीर्घकालीन ट्रॅकिओस्टॉमीतील गंभीर गुंतागुंत व प्रतिबंध'. ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे श्वासासाठी गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत बसवलेली नळी. तिथं पोचू. आधी कागलकडच्या एका आजींचं सांगतो.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आजींचे दोन्ही स्वरतंतू हलेनात, श्वासाची वाट अडली, म्हणून गळ्यात धातूची नळी बसवलेली. त्याला बरीच वर्षं झाली. आजी नळीवर बोट ठेवून बोलायच्या, आणि सुनेला बोलायचं असलं की बोट जरा जास्तच घट्ट. (हसताय, म्हणजे घरोघरी तेच आहे.) नळ्या दोन. एक गळ्यात, दुसरी उकळून डब्यात. एकदा मुलगा डबा घेऊन आला. उघडला तर नळी अंबाबाईच्या दागिन्यासारखी लखलखीत! म्हटलं, नवी घेतली? "न्हाई ओ सर, पट्टीपाशी हलत हुती. गुजरीत डाख मारून आणली. पॉलिश फुकट." गुजरी म्हणजे आपली सोनारांची पेठ.

तुम्ही हसलात, मीही हसलो. धातूच्या नळीत काढून धुवायची दुसरी, आतली नळी असते. मग ती घालून बघितली. निम्म्यात अडकली, कारण डाखाचा थेंब आत उतरलेला. म्हणजे कफ साचला तर आतली नळी काढून धुवायची सोयच गेली. आणि गळ्याची पट्टी व नळी यांचा सांधा हीच धातूच्या नळीची दुखरी जागा. कफ, ओल, वर्षानुवर्षांचं उकळणं यानं तो झिजतो. तुटला तर पट्टी गळ्यावर राहते आणि नळी घसरते श्वासनलिकेत, बहुधा उजव्या फुप्फुसाकडे. मग दुर्बिणीनं काढावी लागते.

माझा राग मुलावर नाही. सोनारावर तर नाहीच, त्यानं भिंग लावून भेग दाखवली होती. राग आहे तो घरी सोडताना दिलेल्या कागदावर. दवाखान्याचं नाव घेत नाही. 'नळी स्वच्छ ठेवणे' एवढी एकच ओळ. नळी बघायची कोणी, बदलायची कधी, काही नाही. आपण गॅस सिलिंडरच्या पाइपची तारीख बघतो आणि आईच्या गळ्यातल्या पाइपची नाही! प्लास्टिकच्या नळीला कंपन्या साधारण महिन्याभराचीच मुदत देतात, पुढे ती कडक पडते. बसवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पत्रिकेवरचं आता पळत सांगतो.

नळी तुंबणं हा सगळ्यात मोठा धोका. नाक हवा ओली आणि गरम करतं, नळीवाल्याच्या वाट्याला ते नाही. त्यात आपल्याकडे हंगामात उसाचा पाला पेटवल्याची काजळी. म्हणून तोंडाशी कृत्रिम नाक म्हणतात तो फिल्टर किंवा वाफारा हवा, आतली नळी रोज काढून धुवायची. सक्शन, म्हणजे कफ ओढून काढणं, एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, आणि त्यासाठी आत घालायची बारीक नळी, कॅथेटर, गळ्यातल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. लाइट जाते, तेव्हा पायानं चालणारं सक्शन घरी ठेवा. उशाशी दोन जादा नळ्या: एक त्याच मापाची, एक एक नंबर लहान.

काही नळ्यांना श्वासनलिकेत बाहेरून हवा भरायचा फुगा असतो. तो असेल तर त्याचा दाब 20 ते 30 सेंटीमीटर पाणी, आणि तो मोजायचा, बोटानं चाचपायचा नाही. जास्त झाला की श्वासनलिकेचं अस्तर मरतं, पुढे ती आकसते किंवा अन्ननलिकेत भोक पडतं. फुगा फुगलेला असताना बोलण्याचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा फक्त आत घेणारी झडप, कधीही लावू नका, श्वास बाहेर पडायला वाटच उरत नाही. नळीतून ताजं लाल रक्त आलं, थोडं आणि आपोआप थांबलेलं असलं तरी, सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. मोठी रक्तवाहिनी फुटण्याआधी कधी कधी एवढीच सूचना मिळते.

आणि स्वरयंत्र पूर्ण काढलेल्या रुग्णाच्या खाटेवर तसं मोठ्या अक्षरात लिहा. त्याच्या नाकातोंडाचा फुप्फुसाशी संबंधच उरलेला नसतो, म्हणून तिथं ऑक्सिजन लावून उपयोग नाही, तो गळ्यालाच लावायचा. झालं, झालं, अध्यक्ष उठले. सांधा बघायला कोणी नळी आणली असेल तर चहापाशी दाखवा. उकळलेली आणा म्हणजे झालं.