धडधडीचा इलाज वेगळा, लकव्याचा वेगळा

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात, सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानात एका फिजिशियनने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

वाचनालयाच्या मंडळींनी मला ‘हृदयाची काळजी’ असा विषय दिला होता. त्यावर बोलायचं तर तेल कोणतं खावं इथपासून सुरुवात करावी लागेल, आणि ते सांगणारे तुमच्या मोबाइलवर रोज सकाळी येतातच. म्हणून मी विषय लहान करून घेतला. छातीत होणारी धडधड, तीही बेताल धडधड, एवढ्यावरच आज बोलणार आहे. डॉक्टरी नाव एट्रियल फिब्रिलेशन. आम्ही आपसात एएफ म्हणतो, तुम्हीही तेच म्हणा.

आपल्याकडे पेशंट सांगतो कसं? “छातीत धडधड होऊन राहिली जी.” “चार पावलं चाललो का दम भरते.” बायाबापड्या म्हणतात, “जीव घाबरा होते.” ऐकणारा लगेच ठरवून मोकळा होतो: टेन्शन असेल, घरात पटत नसेल, गॅस झाला असेल. एक गॅसची गोळी, एक झोपेची गोळी, चला घरी. काहींना त्याआधी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लागलेला असतो. अंगाऱ्यावरून मी कोणाशी भांडत नाही. लावा, पण त्याच दिवशी ईसीजीही काढा.

‘त्याच दिवशी’ म्हणालो ते मुद्दाम. ही धडधड अनेकांना येऊन-जाऊन असते. गावातून निघून, एसटी पकडून, तालुक्याला पोचून, रांगेत नंबर लागेपर्यंत ती थांबलेली असते. मग ईसीजी नॉर्मल येतो आणि “तुम्हाला काही नाही” असं सांगितलं जातं. म्हणून धडधड सुरू असतानाच जिथे जवळ मशीन असेल तिथे, ग्रामीण रुग्णालयात म्हणा, एखाद्या खासगी दवाखान्यात म्हणा, ईसीजीची पट्टी काढून घ्या. मोठ्या डॉक्टरकडे जाऊन काढू म्हणून थांबू नका. ती पट्टी बहुधा उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते, आपल्या उन्हाळ्यात काही महिन्यांत पांढरी पडते. मोबाइलवर फोटो काढा, झेरॉक्स काढा. पुढे नागपूरचा हृदयतज्ज्ञ तुमच्या दहा वाक्यांपेक्षा त्या एका कागदावरून जास्त समजून घेईल. पट्टी पुन्हा पुन्हा चुकत असेल तर चोवीस तास छातीला लावून ठेवायचं होल्टर नावाचं यंत्र मिळतं, त्याबद्दल विचारा.

आता उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. हो, आत्ताच. पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचा शॉर्टकट इथे फसवतो. आपण सगळे खंजिरीच्या भजनावर वाढलेली माणसं आहोत. खंजिरी दुगणीत गेली तरी ताल सुटत नाही, हे कानाला कळतं. नाडी जलद आहे पण तालात आहे, तर तो बहुधा वेगळा प्रकार. लहान पोरानं खंजिरी हातात घेऊन वाटेल तशी बडवावी, एक ठोका जोरात, एक हलका, मध्येच खंड, पुढचा कधी येईल याचा अंदाजच नाही, तशी नाडी लागली तर एएफचा संशय घ्यायचा. बोटांनी संशय येतो, निदान मात्र ईसीजीनंच होतं. घरचं बीपीचं मशीन अशा नाडीत वेगवेगळे आकडे दाखवतं, त्यावर विसंबून गोळी कमी-जास्त करू नका.

तालातली जी जलद धडधड असते, एसव्हीटी नावाची, ती एकदम सुरू होते आणि एकदम थांबते. तिच्यासाठी एक युक्ती आहे. दहा मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद जोर लावून फुंकायचं आणि लगेच आडवं होऊन कोणाकडून तरी पाय वर उचलून घ्यायचे. २०१५ साली इंग्लंडमधल्या अभ्यासात यानं १०० पैकी ४३ जणांची धडधड थांबली, पाय न उचलण्याच्या जुन्या पद्धतीनं फक्त १७ जणांची. पहिल्यांदा मात्र हे डॉक्टरसमोर शिकून घ्या. एएफमध्ये याचा उपयोग नाही.

हृदयाला वरचे दोन आणि खालचे दोन असे कप्पे असतात. उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका ठिपक्यातून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा संदेश निघतो आणि सगळे कप्पे क्रमानं आकसतात. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत असे मिनिटाला ३५० ते ६०० संदेश, कुठूनही, कसेही फिरू लागतात. कप्पा आकसायचं सोडून नुसता थरथरतो. मधल्या गाठीतून त्यातले थोडेच खाली उतरतात, तेही अनियमित. म्हणून नाडी १२०, १४० आणि बेताल.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. धडधडीनं जीव घाबरतो, पण घात बहुधा वेगळ्याच गोष्टीनं होतो. थरथरणाऱ्या डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साचून राहतं आणि गोठतं. ती गुठळी सुटली की सरळ मेंदूकडे जाऊ शकते. लकवा. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांचा पिढ्यानपिढ्या अभ्यास झाला आहे. तिथून १९७८ साली आकडा आला: एएफमुळे लकव्याचा धोका पाचपटीहून जास्त, आणि हृदयाची झडप वाताच्या तापानं (रुमॅटिक फीव्हर, त्याबद्दल पुढे सांगतो) अरुंद झालेली असेल तर सतरापटीहून जास्त.

त्यामुळे उपचार दोन आहेत आणि दोघांचा हिशेब वेगळा ठेवायचा. ठोके आवरणारी गोळी वेगळी, रक्त गोठू न देणारी वेगळी. घोळ इथेच होतो. मुलगा सांगतो, “माय बरी झाली होती जी. धडधड बंद झाली म्हणून गोळ्या बंद केल्या.” आणि हे तो सांगत असतो तेव्हा आईचा उजवा हात लुळा पडलेला असतो, वाचा गेलेली असते. धडधड थांबली ती ठोक्यांच्या गोळीनं. एएफ आत तसाच असू शकतो, फक्त मंद झालेला, जाणवत नसलेला. कित्येकांना तर आयुष्यात धडधड जाणवतच नाही. पहिली खूण लकव्याचीच.

एएफ होतो कशानं? म्हातारपण, वाढलेलं बीपी, वजन, शुगर, घोरण्याचा आजार ही सगळ्या जगाची कारणं आपलीही आहेत. थायरॉइड वाढल्यानं होतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करायलाच हवी. तिथे मूळ सापडलं तर पुष्कळ काम सोपं होतं. दारूनं होतो. आपला जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे त्यावर मी काही बोलायला नको, पण पोळा झाला की तान्ह्या पोळ्याला धडधड घेऊन येणारे येतातच. खर्रा खाणाऱ्यांनीही हसू नये. तंबाखूतलं निकोटिन ठोके वाढवतं.

पण आपल्या भागात अजून एक कारण आहे आणि ते तरुण बायांना गाठतं. लहानपणी, पाच ते पंधरा वर्षांच्या वयात, घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात, बरं होतं. सगळे विसरतात. त्या वाताच्या तापानं हृदयाची झडप हळूहळू कडक होत जाते. लग्न होतं, दिवस जातात, गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं, अरुंद झडपेतून ते निघत नाही, आणि सातव्या महिन्यात पोरीला आडवं झोपवत नाही. “पहिलटकरीण आहे, होते असं,” म्हणून घरात सोडून देतात. सोडू नका. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरचं मेडिकल, जिथे जमेल तिथे. झडप त्या उपचाराला योग्य असेल तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करता येते, छाती उघडावी लागत नाही. आणि वाताचा ताप झालेल्या मुलांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनची सुई देतात, ती वर्षानुवर्षं चालते. पोरगं धडधाकट दिसते म्हणून ती बंद करू नका. ती आजार परतू नये म्हणूनच आहे.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. लोकांच्या तोंडी ‘पातळ’ आहे म्हणून मीही म्हणतो. रक्ताला पाणी होत नाही, गुठळी होण्याचा वेग तेवढा उतरतो. जुनी गोळी वॉरफरिन, आपल्याकडे तिचं भावंड ॲसिट्रोमही खूप चालतं. हिचा असर आयएनआर नावाच्या रक्ततपासणीनं मोजतात, आकडा बहुतेकांचा २ ते ३ मध्ये हवा. कमी असेल तर गुठळी, फार वाढला तर रक्तस्राव. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात दर महिन्याला तालुक्याला जाणं म्हणजे तिकीट आणि बुडालेली मजुरी. कापूस वेचाईच्या दिवसांत कोणती बाई आयएनआरसाठी वावर सोडून येईल? ती दिवाळीनंतर येते, आकडा पार बिघडलेला असतो, आणि तिला बोलणी बसतात. मला हा दोष तिचा वाटत नाही. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारी छोटी यंत्रं असतात. ती उपकेंद्रापर्यंत यायला हवीत, असं माझं मत मी जिथे ऐकून घेतील तिथे मांडतो.

या गोळीवर असताना हिरव्या भाज्या बंद करा, असं कोणी सांगितलं असेल तर ते अर्धवट आहे. मेथी, पालक, अंबाडी, पावसाळ्यातला तरोटा, शेवग्याचा पाला, सगळ्यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीचा असर कमी करतं. पण खाणं दर आठवड्याला साधारण सारखं असेल तर डोस त्यानुसार बसवता येतो. महिनाभर काही नाही आणि मग आठ दिवस रोज तरोटा, हे करू नका.

नव्या गोळ्या म्हणजे डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान. आयएनआरची कटकट नाही. पेटंटं संपल्यावर आपल्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या आणि आता त्या शेतकऱ्याच्याही आवाक्यात येत आहेत. मूत्रपिंडाची तपासणी करून डोस ठरतो. मात्र वाताच्या तापानं झडप जास्त अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवली असेल तर या गोळ्या चालत नाहीत. २०२२ मध्ये चोवीस देशांतल्या साडेचार हजारांवर पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. वाताच्या झडपेचे आणि एएफचे पेशंट, अर्ध्यांना रिव्हारोक्साबान, अर्ध्यांना जुनी गोळी. जुन्या गोळीवाले जास्त जगले. तेव्हा शेजाऱ्याला नवी गोळी दिली, मला जुनीच का, हा प्रश्न डॉक्टरला विचारा, पण स्वतः दुकानातून बदलून आणू नका. आणि फक्त ॲस्पिरिनवर भागवलं असेल तर तेही विचारा. एएफमधला लकवा रोखायला ॲस्पिरिन पुरत नाही.

सगळ्यांनाच पातळ गोळी लागते असं नाही. वय, बीपी, शुगर, आधी लकवा झाला का, हृदय कमजोर आहे का, याचे गुण मांडून ठरवतात. झडप अरुंद असलेल्यांना मात्र गुण मोजायची गरज नाही, गोळी लागतेच. तिच्यावर असलेल्यांनी कंबर दुखली म्हणून डायक्लोफिनॅकची सुई टोचून घेऊ नये. कुल्ल्यात रक्त साकळतं, जठरातून रक्त जाऊ शकतं. पेनिसिलिनची सुई सुरू असेल तर ती कशी द्यायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मूल हवं असलेल्या सुनांनी वॉरफरिनवर असल्याचं आधीच सांगावं, कारण पहिल्या तीन महिन्यांत ती गर्भाला बाधते. परस्पर बंदही करू नये.

ठोके आवरायला मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, काहींना डिगॉक्सिन. डिगॉक्सिनला अनेक डॉक्टर शनिवार-रविवार सुट्टी देतात. वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाची भूक एकाएकी गेली, मळमळ सुरू झाली, तर आधी या गोळीवर संशय घ्या. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, लघवीची गोळी चालू असणाऱ्यांचं पाणी आणि पोटॅशियम उतरतं आणि धडधड पुन्हा उसळते.

ताल परत आणायचे उपायही आहेत: गोळ्या, शॉक, आणि नळीनं करायचं ॲब्लेशन. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की एएफचे चुकार संदेश बहुतेक वेळा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात. ती तोंडं भाजून वेगळी करतात. तरुण माणूस, येऊन-जाऊन होणारा एएफ, गोळ्यांनी न आवरणारा, अशांना फायदा चांगला. सगळ्यांना नाही, आणि काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. एवढं करूनही लकव्याचा धोका असणाऱ्यांची पातळ गोळी सुरूच राहते. खर्चाचं विचाराल तर योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचा उपचार त्यात बसतो का, हे ॲडमिट होण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या. नंतर नाही.

छातीत दुखतंय, चक्कर येऊन पडला, दम लागून बोलता येत नाही, तर १०८. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, जीभ जड झाली, तरी १०८. लकव्याच्या तेलवाल्याकडे नंतर जा. गुठळी विरघळवायची सुई साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि पेशंट पातळ गोळीवर आहे हे ॲम्ब्युलन्समध्येच सांगायचं, कारण त्यावर ती सुई द्यायची की नाही हे ठरतं.

मागून एक ताई विचारत आहेत, नवरात्राचे नऊ दिवस धरते, गोळी घेऊ का? घ्या. उपवास देवाशी, गोळी रक्ताशी. नव्या गोळ्यांचा असर एका दिवसात उतरतो. एक दिवस सुटली की त्या दिवशी तुम्ही उघड्या. फक्त तुमची रिव्हारोक्साबान असेल तर ती रिकाम्या पोटी नीट लागू पडत नाही, संध्याकाळच्या भगरीसोबत घ्या. निर्जळी धरत असाल तर आधी येऊन भेटा, दुसरी गोळी बसवता येते का ते पाहू.

सचिव घड्याळ दाखवत आहेत. बाहेर व्हरांड्यात दोन सिस्टर आणि ईसीजीचं मशीन आहे. ज्यांनी पासष्टी ओलांडली आहे आणि आत्ता ज्यांना स्वतःची नाडी बेताल लागली, ते आधी. बाकीच्यांनी त्यांना जागा द्या. गोळ्यांची पाकिटं आणली असतील तर पिशवीतून काढून हातात ठेवा.