बिदागीविना वाजणारे पितळ

श्रोतेहो, नमस्कार.

पितळी बँड म्हटला की आपल्या खेड्यांत वरातच आठवते, आणि त्या बँडवाल्यांचे पोट लगीनसराईवर चालते. आज ज्या ख्रिस्ती ताफ्यांविषयी बोलायचे आहे, त्यांतील वादकांचेही पोट वादनावरच चालते. कोणी वाद्यवृंदात नोकरीला असतो, कोणी संगीत शिकवतो. परंतु सुटी मिळाली की ही मंडळी एकत्र येतात आणि बिदागी न घेता गावोगाव भक्तिगीते वाजवीत फिरतात.

या प्रथेचा एक उगम 1878 सालच्या इंग्लंडात, सॉल्झबरी गावी सापडतो. तेथे रस्त्यावर उपदेश करणाऱ्या मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संघटनेच्या लोकांना गुंड त्रास देत, म्हणून बांधकामाचा व्यवसाय करणारे चार्ल्स फ्राय आपल्या तीन मुलांसह त्यांच्या रक्षणाला गेले आणि जाताना वाद्येही घेऊन गेले. पुढे 1882 साली फ्रेडरिक टकर मुक्तिफौजेचे काम घेऊन मुंबईत उतरले, तेव्हा वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल त्यांच्या लोकांना अटकही झाली.

फिरस्तीला पितळ सोयीचे, कारण त्याला वीज लागत नाही आणि भोंगाही लागत नाही. सूर उमटतो तो वादकाच्या ओठांच्या कंपनातून. कॉर्नेट या तुतारीसारख्या छोट्या पितळी वाद्याला तीन कळा असतात. पहिली दाबली की सूर दोन अर्धस्वरांनी उतरतो, दुसरीने एका, तिसरीने तीन. एवढ्यावर पाश्चात्त्य भजनाचे एकाच वेळी वाजणारे चार भाग उत्तम निभावतात. खरी परीक्षा मराठी अभंगाची. काही काळ नागपुरात राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पदांना मृदंगाची साथ आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, हवी, आणि कळांच्या वाद्यावर मींड सहजी निघत नाही. ती निघते ट्रॉम्बोनवर, कारण त्याची नळी पुढेमागे सरकते आणि दोन स्वरांमधली सारी वाट तिला मोकळी असते. माझ्या मते अभंगाचा मुखडा अशा ताफ्याने ट्रॉम्बोनकडेच सोपवावा, मग भोवतीचे चार भाग कितीही सुंदर बांधलेले असोत.

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो, त्यामुळे पितळी वाद्य चढे लागते. गावातल्या पेटीचे सूर मात्र जवळजवळ जागच्या जागीच राहतात. वैशाखातल्या दुपारी दोघांना एकत्र बसवणे म्हणजे कानांची शिक्षाच. वादक सूर जुळवण्याची नळी थोडी बाहेर ओढून वाद्य उतरवतात, पण तिलाही मर्यादा असते. म्हणून अशा ताफ्याला बोलवायचे, तर नाताळाच्या सुमारास, दिवसभराची कापसाची वेचणी आटोपून माणसे वावरातून परतल्यावर बोलवावे. थंडीत वाद्ये उलट उतरतात खरी, परंतु थोडा वेळ फुंकून ती ऊबेला आणता येतात. तोवर पेटीवाल्याने एकच स्वर धरून ठेवावा, आणि श्रोत्यांनी कार्यक्रम सुरू झाला असे समजून टाळ्या वाजवू नयेत.