आधी रूळ, मग गाडी

चित्राचं नाव 'बर्लिन-पोट्सडॅम रेल्वे'. म्हणजे गाडी असणारच. शोधा बरं.

नजर आधी अडकते ती रुळांच्या वळणावर. समोर नुसती माती, रानगवत आणि ते रूळ. वळणावरून घसरत मागे गेलं की मग गाडी हाती लागते. काळ्या रंगाचे चार फटकारे, वर धुराचा लोळ. इंजिनाचे बारकावे शोधू नका. कुंचला तिथे थांबलेलाच नाही. आणि पार क्षितिजाशी बर्लिन, धूसर.

पडद्यावर मोठं दिसतंय, पण मूळ कॅनव्हास जेमतेम ४२ बाय ५२ सेंटीमीटरचा. जर्मन चित्रकार आडॉल्फ मेन्झेलनं तो १८४७ साली रंगवला. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातली ही पहिली रेल्वे सुरू झाली १८३८ मध्ये. म्हणजे नऊ वर्षं उलटली होती, नवलाई ओसरली होती. १८३५ साली न्यूरेम्बर्गहून फ्युर्थला जर्मनीतली पहिली वाफेची गाडी धावली, तेव्हाच्या छापील चित्रांत बघ्यांची ही गर्दी! इथे मात्र गाडीकडे बघायला कुणी थांबलेलं नाही. शहराबाहेरची ही जागा धड शेत नाही, धड वस्ती नाही. रेल्वेनं ती मधोमध चिरली आहे. मला तरी हे गाडीपेक्षा त्या जमिनीचंच चित्र वाटतं.

गंमत अशी, की मेन्झेलचं नाव गाजत होतं ते प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेटच्या चरित्रासाठी काढलेल्या शेकडो चित्रांमुळे. केसांचे टोप, दरबार, लढाया. गावाबाहेरच्या रुळांची असली छोटी तैलचित्रं त्यानं बरीच वर्षं स्वतःपाशीच ठेवली.

पुढे तो डब्यातही शिरला. १८९२ सालचं हे चित्र पाहा : 'रम्य निसर्गातून प्रवास'. डबा प्रवाशांनी खच्चून भरलेला. सत्तरी ओलांडलेल्या मेन्झेलनं इथे मात्र कपड्यांची घडी न घडी टिपली आहे. कुणी खिडकीशी उभं राहून दुर्बिणीतून बाहेर बघतंय. बाहेर काय आहे, ते आपल्याला दिसत नाही. नावातला तो रम्य निसर्ग मेन्झेलनं चित्राबाहेरच ठेवलाय.

आणि याच डब्यात, एवढ्या गडबडीत, कुणी खुशाल झोपलंय.