जुन्या व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्पचा आवाज मऊ नसतो

मंडळी, जुन्या व्हॉल्व्ह (म्हणजे काचेच्या निर्वात नळीच्या) प्रीअ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघाला की कुणीतरी लगेच म्हणतं, ‘त्यांचा आवाज कसा मऊ, उबदार!’ हे कौतुक चुकीच्या पत्त्यावर जातंय, असं माझं ठाम मत आहे.

आधी या यंत्राचं काम बघू. रेकॉर्डवरची सुई जो सिग्नल देते तो जेमतेम ५ मिलिव्होल्टचा. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला हवा असतो एखादा व्होल्ट. त्यातून रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. आणि वरचे सूर चढवलेले असतात, म्हणजे ते खरखरीत बुडत नाहीत. प्रीअ‍ॅम्पने हे सगळं उलटं फिरवून मूळ जागी आणायचं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेल्या आरआयएए प्रमाणानुसार २० हर्ट्झ आणि २०,००० हर्ट्झ यांच्यात जवळपास ४० डेसिबलचा, म्हणजे शंभरपटीचा फरक भरून काढावा लागतो. साखळीतलं सगळ्यात नाजूक काम हेच, म्हणून व्हॉल्व्हचा गुण पॉवर अ‍ॅम्पपेक्षा मला इथे जास्त मोलाचा वाटतो.

मारांट्झ कंपनीचं मॉडेल ७ हे प्रीअ‍ॅम्प घ्या. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीचं यंत्र. आत १२एएक्स७ जातीचे सहा व्हॉल्व्ह, प्रत्येक काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल हाताळणारे दोन स्वतंत्र संच. फोनोसाठी, म्हणजे रेकॉर्डच्या सिग्नलसाठी, एका चॅनलला फक्त तीन ट्रायोड: दोन सिग्नल वाढवणारे, तिसरा कॅथोड फॉलोअर, म्हणजे सिग्नल न वाढवता त्याला पुढे ढकलायचं बळ देणारा. तिथून सिग्नलचा काही भाग परत पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडकडे (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाकडे) जातो आणि त्याच वाटेवर आरआयएएची दुरुस्ती होते. इतक्या मोजक्या भागांत इतकं काम! मॅकिंटॉश कंपनीच्या सी२२ प्रीअ‍ॅम्पमध्येही सहा १२एएक्स७च आहेत. पुढे सगळे ट्रान्झिस्टरकडे वळले असताना विल्यम जॉन्सन यांनी १९७० मध्ये ऑडिओ रिसर्च ही कंपनी काढली आणि व्हॉल्व्ह पुन्हा मानाने मांडला. त्यांचं ऋण आपण मान्य करायला हवं.

आता आवाजाकडे येतो. व्हॉल्व्ह दुसरा हार्मोनिक मिसळतो, म्हणजे षड्जाला तार षड्ज जोडतो, म्हणून तो गोड वाटतो, असं सांगतात. पॉवर अ‍ॅम्प जोरात वाजवला तर ते खरंही असेल. पण नीट चालणाऱ्या मॉडेल ७सारख्या फोनो स्टेजमध्ये, एवढ्याशा सिग्नलला, ही विकृती इतकी कमी असते की तिच्यावर गोडव्याचा भार टाकता येत नाही. मला खरा फरक जाणवतो तो रेकॉर्डवरच्या धुळीच्या टिकटिकीत. टिकटिक म्हणजे संगीतापेक्षा कितीतरी मोठा झटका. व्हॉल्व्हच्या मागे अडीचशे-तीनशे व्होल्ट उभे असतात, त्यामुळे तो झटका सहज पचतो आणि सर्किट क्षणात पूर्ववत होतं. खरखर बाजूला राहते, गाणं बाजूला.

मग तो मऊपणा येतो कुठून? बहुतेक वेळा म्हाताऱ्या कपॅसिटरमधून. दोन स्टेजच्या मध्ये बसलेली, रंगीत पट्ट्यांची ती काळी नळकांडी. बाहेरून दिसतात ठणठणीत. त्यांचं काम आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचं (सिग्नल बाहेर पडतो त्या टोकावरचं) डीसी व्होल्टेज अडवायचं आणि फक्त सिग्नल पुढे सोडायचा. समजा प्लेटवर २०० व्होल्ट आहेत, कपॅसिटरची गळती १०० मेगओहमइतकी आहे आणि पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला (सिग्नल आत शिरतो त्या टोकाला) १ मेगओहमचा रेझिस्टर आहे. हिशेब करा, ग्रिडवर जवळपास २ व्होल्ट चढतात. या व्हॉल्व्हचा बायस, म्हणजे ग्रिडला ठरवून दिलेलं व्होल्टेज, मुळी दीड-दोन व्होल्टांचा! तो जागेवरून सरकला की सूर सुजतात, कडा बोथट होतात, आणि लोक त्यालाच ‘जुन्याची ऊब’ म्हणतात. शिवाय कार्बनच्या रेझिस्टरचा ओहममधला आकडा वर्षानुवर्षं वर सरकत जातो, एसीचं डीसी करणारा सेलेनियम रेक्टिफायर थकून व्होल्टेज खाली बसतं.

हे भाग बदलून घेतले की तेच यंत्र उघडं होतं. गाणाऱ्याने सुरापूर्वी घेतलेला श्वास, तारेवर नखी पडल्याचा क्षण, सूर विझताना मागे उरणारी खोली, सगळं स्वच्छ. मूळ भागांना हात लावू नये, असं संग्राहक म्हणतात. त्यांची तळमळ मला कळते. काढलेले भाग डबीत जपून ठेवा. पण यंत्र ऐकण्यासाठी बनवलं होतं.

व्हॉल्व्ह बदलून बघण्याबद्दल थोडक्यात. टेलिफंकेन कंपनीच्या ईसीसी८३च्या (१२एएक्स७चंच युरोपी नाव) बुडाशी काचेत उमटलेला चौकट-आकार शोधत फिरण्याआधी आहेत ते व्हॉल्व्ह पेन्सिलच्या रबराने हलकेच टिचकावा. स्पीकरमधून घणघण ऐकू आली तर तो व्हॉल्व्ह फोनोच्या पहिल्या सॉकेटमध्ये नको. तिथे सगळ्यात शांत व्हॉल्व्ह बसवायचा.

आणि जोडणी. हे प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्हच्या पॉवर अ‍ॅम्पसाठी घडवलेले. बाहेर पडतानाचा कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल आणि पुढे १०० किलोओहमचा इनपुट असेल तर खर्ज ३.४ हर्ट्झपर्यंत टिकतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा इनपुट १० किलोओहमचा निघाला तर तोच ३४ हर्ट्झलाच उतरू लागतो. खर्ज पातळ वाटला, तर प्रीअ‍ॅम्पला नावं ठेवण्याआधी पॉवर अ‍ॅम्पच्या माहितीपुस्तिकेतला हा आकडा पाहून घ्या.