वहीच्या कडेला

नमस्कार, श्रोतेहो.

मी मूळचा डोंबिवलीचा, आणि गेली पंचेचाळीस वर्षं इंग्लंडमधल्या सॉमरसेट काउंटीच्या क्रिकेट संघाचा पाठीराखा. याला जबाबदार सुनील गावसकर. १९८० साली वेस्ट इंडिजचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, त्यामुळे एरवी सॉमरसेटकडून खेळणारा व्हिव रिचर्ड्स वेस्ट इंडिजच्या संघात अडकला. त्याच्या जागी एका हंगामासाठी गावसकरांना बोलावलं. मी तेव्हा चौथीत. पेपरात शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत काउंटीचे धावफलक यायचे. बाबा त्यातून 'सॉमरसेट' शोधून द्यायचे आणि मी गावसकरांच्या धावा वहीत उतरवायचो. हंगाम संपला, गावसकर परत आले. मी तिकडेच राहिलो.

म्हणजे मनाने. प्रत्यक्ष टॉन्टनला, म्हणजे सॉमरसेटचं मैदान आहे त्या गावाला, पोचायला आणखी अठरा वर्षं गेली. तिथे औषधाच्या दुकानात नोकरी लागली. पहिल्या पगारातून जाड कोट घ्यायचं ठरलं होतं, मी क्लबचं सभासदत्व घेतलं. एप्रिलमधली माझी पहिली मॅच मी दोन स्वेटरांवर बायकोची शाल गुंडाळून पाहिली. बायको अजून ते सांगते, पाहुण्यांसमोर.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अशा अठरा काउंट्या एप्रिल ते सप्टेंबर चार-चार दिवसांचे सामने खेळतात, तेही बरेचसे कामाच्या दिवशी. त्यामुळे प्रेक्षकांत पेन्शनर जास्त. टॉन्टनचं मैदान छोटं, एका बाजूला टोन नदी, स्टँडच्या वर डोकं काढणारे चर्चचे मनोरे. टाळ्याही सावकाश वाजतात, कारण आधी मांडीवरचा थर्मास खाली ठेवावा लागतो.

आता दुखणं सांगतो. सॉमरसेट १८९१ पासून काउंटी चॅम्पियनशिप, म्हणजे काउंट्यांच्या या मोठ्या सामन्यांची स्पर्धा, खेळतंय आणि ती एकदाही जिंकलेलं नाही. एकदाही! दुसरा नंबर मात्र सहा वेळा, २००१, २०१०, २०१२, २०१६, २०१८ आणि २०१९. वन-डेचे आणि ट्वेन्टी-ट्वेन्टीचे चषक आहेत. १९७९ साली तर शनिवारी एक आणि रविवारी दुसरा, असे क्लबच्या इतिहासातले पहिले दोन चषक लागोपाठ आले. पण त्यांचा विषय काढला की आमची मंडळी "हो, ते आहेतच" म्हणतात आणि चहा ओततात.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसत. सफरचंदाच्या बागांत आयुष्य काढलेला माणूस. नाव सांगत नाही, त्यांना आवडलं नसतं. पहिल्या वर्षी ते माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलले असतील. त्यांच्याकडे स्वतःची स्कोअरची वही असे, आणि प्रत्येक गोलंदाजाला वेगळ्या रंगाची पेन्सिल. दुसऱ्या वर्षी मी चकल्यांचा डबा पुढे केला. त्यांनी एक उचलली, उलटसुलट पाहिली, खाल्ली, आणि एक षटक संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग हात पुन्हा डब्यात गेला. तेव्हापासून मी बाथरूमला गेलो की माझी वही त्यांच्या मांडीवर जायची, ते गेले की त्यांची माझ्या. वही सांभाळायला देणं ही तिथली सोयरीकच समजा.

हॅरॉल्ड गिम्बलेटची गोष्ट मी त्यांच्याकडूनच ऐकली. १९३५ साली क्लबने या शेतकऱ्याच्या पोराला पारखून 'नको' म्हणून सांगितलं होतं. ऐन वेळी एक माणूस कमी पडला म्हणून त्याला फ्रोम गावातल्या मॅचला बोलावलं. पोराची बस चुकली. लॉरीत बसून तो पोचला, आठव्या नंबरवर खेळायला गेला आणि ६३ मिनिटांत शतक ठोकून बसला. आजोबा ही गोष्ट अशी सांगत, जणू ती लॉरी तेच चालवत होते.

२०१० साली गुण बरोबरीत सुटले, २१४ आणि २१४. नॉटिंगहॅमशायरचे विजय सात, आमचे सहा. कप त्यांना. ते एक वेळ सोसलं. २०१६ चं मात्र अजून जिरलेलं नाही.

आमचा शेवटचा सामना एक दिवस आधीच संपला होता. तो दणक्यात जिंकून आम्ही तक्त्यात सगळ्यांत वर. लॉर्ड्सवर मिडलसेक्स आणि यॉर्कशायरचा सामना चालू होता. त्यांच्यातला जो जिंकेल तो चॅम्पियन, आणि अनिर्णित राहिला तर आम्ही. एकशे पंचवीस वर्षांत पहिल्यांदा! आम्ही काहीजण मैदानावर जाऊन टीव्हीसमोर बसलो. आजोबांनी त्या दिवशी वही आणली नव्हती, दुसऱ्यांचा स्कोअर आपण लिहायचा नाही म्हणून. दुपारनंतर यॉर्कशायरचे फलंदाज गोलंदाजी टाकायला लागले. हलके, फुकट धावा देणारे चेंडू. दोन्ही कप्तानांचं ठरलं होतं. अनिर्णित सामना कुणालाच नको, तर निकाल लागेल असं लक्ष्य तयार करू. चाळीस षटकांत २४०. नियमात बसतं ते. यॉर्कशायरही जिंकायलाच धावलं, लबाडी कुणाची नव्हती. पण आपल्या घराचा व्यवहार दोन शेजारी परस्पर करताहेत आणि आपण खिडकीतून बघतोय, असं वाटत होतं. शेवटी टोबी रोलंड-जोन्सने हॅटट्रिक घेतली आणि मिडलसेक्स ६१ धावांनी जिंकलं. जेमतेम पाच षटकं उरली होती. आजोबा उठले, टोपी घातली, म्हणाले, "चला, गवताला पाणी घालायचंय." बाहेर पाऊस पडून गेलेला होता.

अधूनमधून मुंबईकरही मला छळतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पृथ्वी शॉने नॉर्दॅम्प्टनशायरकडून २४४ धावा कुटल्या, त्या नेमक्या सॉमरसेटविरुद्ध. भावाने डोंबिवलीहून फोन करून अभिनंदन केलं. मी म्हटलं, कसलं?

आता आमचा सलामीवीर, मार्कस ट्रेस्कोथिक. २००६ च्या फेब्रुवारीत तो इंग्लंडबरोबर आपल्याकडे आला होता, आणि कसोट्या सुरू होण्याआधीच मायदेशी परतला. नैराश्याने घेरलं होतं त्याला, हे नंतर त्याने स्वतःच उघडपणे सांगितलं. नागपूरच्या कसोटीत ऍलिस्टर कुक नावाचा पोरगा सलामीला आला आणि पदार्पणातच ६० आणि नाबाद १०४ करून गेला. ट्रेस्कोथिकची इंग्लंडची कारकीर्द त्याच वर्षी आटोपली. घरच्या मैदानावर मात्र तो खेळत राहिला, १९९३ पासून २०१९ पर्यंत.

२०१९ चा शेवटचा सामना टॉन्टनलाच, एसेक्सविरुद्ध. कपासाठी आम्हाला विजय हवा, त्यांना सामना अनिर्णित राहिला तरी पुरे. चार दिवसांतला बराच वेळ पावसाने खाल्ला. तरीही आम्ही २०३ केल्या, त्यांना १४१ वर गुंडाळलं, आणि कप्तान टॉम एबलने आमचा दुसरा डावच सोडून दिला. एसेक्सला ६३ हव्यात, आम्हाला दहा बळी, आणि वेळ उरलेला तासाभराचा. होणार नव्हतं, सगळ्यांना दिसत होतं. कुकही त्या एसेक्सच्या संघात होता.

ट्रेस्कोथिक अकरा जणांत नव्हता, निवृत्ती जाहीर केलेली. शेवटी शेवटी तो बदली क्षेत्ररक्षक म्हणून मैदानात उतरला, आणि मांड्यांवरचे सगळे थर्मास एकदम खाली गेले. लोक उभे. मीही उभा, घशात काहीतरी अडकलेलं. शेजारी पाहिलं तर आजोबा बसूनच. बदली माणसाने झेल घेतला नाही तर वहीत त्याला जागा नसते. त्यांनी काळी पेन्सिल काढली, पानाच्या कडेला रिकाम्या जागेत ट्रेस्कोथिकची तीन आद्याक्षरं लिहिली, एम. ई. टी., आणि वही माझ्याकडे देऊन मग ते टाळ्या वाजवायला उठले.