लोणा लागलेला टँक

टँक सांभाळायच्या कामात नव्याने उतरणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आधी एक सांगतो, हेळसांड झालेला खाऱ्या पाण्याचा टँक बघायला गेलात ना, तर लगेच काचेतून मासे बघत उभे राहू नका. आधी खालच्या कॅबिनेटचं दार उघडा आणि वास घ्या. नीट चाललेल्या टँकला ओहोटीच्या वेळच्या किनाऱ्यासारखा वास असतो, ओलसर, खारट, पण नाकाला खुपत नाही. सडक्या अंड्यांचा वास आला तर वाळूच्या तळात कुठेतरी ऑक्सिजन पोचत नाहीये आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड साठलाय असं धरून चाला, म्हणजे ती वाळू त्या दिवशी अजिबात उकरायची नाही.

मी आज ज्या टँकबद्दल बोलणारे तो ठाण्यात घोडबंदर रोडला एका बिल्डरच्या ऑफिसात, रिसेप्शनच्या मागे आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, दगड आणि वाळू वजा करून सम्प, म्हणजे खालच्या कॅबिनेटमधली फिल्टरची टाकी, धरली तर साधारण ६०० लिटर पाणी. आत एक ब्लू टँग, क्लाऊनफिशची जोडी आणि तीन डॅमसेल. पुढची काच हिरवी-तपकिरी, दगडांवर शेवाळाच्या झिपऱ्या, वाळूवर ती लालसर चिकट साय असते ना ती. स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण कपात काढणारं यंत्र, चालू होता पण कपात फेस नाही, कारण पंपाची हवेची नळीच मिठाने बुजलेली. ॲडमिनचे साहेब म्हणाले, दसऱ्याला नव्या प्रोजेक्टचं लाँचिंग आहे, बारा दिवस आहेत, तोपर्यंत चकाचक करून द्या, पैशाचं बघू.

मी नाही म्हटलं. म्हणजे काम घेतो म्हटलं, पण बारा दिवसांत नाही, चार महिने लागतील.

हे नाही म्हणायला मी एका वाईट अनुभवातून शिकलोय आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. धंद्यात नवीन होतो तेव्हा एका दवाखान्याचा असाच टँक मी एका दिवसात साफ केला होता. ८० टक्के पाणी बदललं, दगड नळाखाली ब्रशने घासले, फिल्टरचा स्पंज अगदी पिळून पिळून धुतला. संध्याकाळी टँक असा दिसत होता की डॉक्टरांनी फोटो काढले. सकाळी चार मासे तळाला होते, आठवड्यात बाकीचे गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने त्या प्रत्येक माशाला नाव ठेवलेलं होतं, तिने मला फोनवर एकेक नाव घेऊन सांगितलं कोण कोण गेलं. मला ते अजून आठवतं.

का मेले ते नीट समजून घ्या, सगळं त्यातच आहे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, दगडावर आणि फिल्टरमध्ये राहणारे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, नायट्रेट त्यामानाने सौम्य. आता टँककडे वर्षानुवर्षं कोणी बघितलं नाही की पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं, पीएच जिथे ८.२ पाहिजे तिथे ७.६ वर येतो, बॅक्टेरिया मंदावतात, अमोनिया थोडा थोडा साठायला लागतो. पण पीएच कमी असल्यामुळे तो अमोनिया बहुतांश अमोनियमच्या रूपात असतो, माशाला तितका बाधत नाही. मासे त्या घाणीला सरावलेले असतात आणि घाणीतच एक प्रकारचा तोल साधलेला असतो. आणि मग आपण जातो, हौसेने ताजं ८.२ पीएचचं पाणी ओततो, आणि मागे उरलेला अमोनिया, ग्रॅमभरही वाढलेला नाही, पण त्यातल्या विषारी भागाचं प्रमाण साधारण चौपट होतं. वर आपण नळाच्या क्लोरीनने बॅक्टेरियाही मारून ठेवलेले, त्यामुळे रोज तयार होणारा नवा अमोनिया तसाच साठत जातो. म्हणजे माशांना घाणीने नाही मारलं, माझ्या स्वच्छतेने मारलं.

तर घोडबंदरच्या टँकला पहिल्या दिवशी मी पाण्याला हात लावला नाही. आधी वीज. कॅबिनेटमधल्या एक्स्टेंशन बोर्डला लोणा लागला होता, जुन्या वाड्याच्या भिंतीला लागतो तसा, पांढरा, भुसभुशीत, बोटाने दाबला की चुरा होणारा. मीठ ओल धरतं आणि ओलं मीठ वीज वाहून नेतं. मेन बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, हे माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोरांना मी रोज सांगतो, रोज म्हणजे रोज. बोर्ड बदलून वर भिंतीला लावला, मध्ये आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, टाकला, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवून मग वर नेली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरून टपकून जातं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

मग टेस्टिंग. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ पीपीटीच्या, म्हणजे किलोमागे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या, सोल्यूशनवर सेट केला आणि थेंब ठेवला तर रीडिंग, म्हणजे साध्या पाण्याच्या मानाने घनता, १.०३४. पाहिजे १.०२५. तुम्ही म्हणाल असं कसं, तर असं की पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. एसी ऑफिसमध्ये या टँकमधून दिवसाला पाचेक लिटर पाणी उडतं. ते भरायचं असतं साध्या पाण्याने, आणि तिथे मात्र कोणीतरी सांगून ठेवलं होतं की समुद्राचा टँक आहे, मीठ घालूनच भरा. तेव्हापासून मीठ घालून भरत होते. अमोनिया ०.५, पीएच ७.६, अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, ४ डिग्री, ती ८ ते ११ च्या मध्ये हवी. नायट्रेटचं किट तर गडद लाल होऊन थांबलं, तक्त्यावर त्याच्या पुढे रंगच नाही. अशा वेळी एक भाग टँकचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी घ्यायचं, टेस्ट करायची आणि आलेल्या आकड्याला पाचने गुणायचं. ३२ आलं, म्हणजे १६०. आधीच्या मेंटेनन्सवाल्याच्या फाईलमध्ये मात्र महिनोन् महिने नायट्रेट २०, नायट्रेट २० असंच लिहिलेलं. ते का, यावर शेवटी येतो.

आता पहिलं काय करायचं, हा खरा प्रश्न. मी आधी खाणं कमी केलं आणि विरजण लावलं. माझ्या घरच्या चालू टँकच्या फिल्टरमधला जुना स्पंज पिशवीत टँकच्याच पाण्यात बुडवून आणला आणि त्यांच्या सम्पमध्ये ठेवला, ताज्या दुधाला कालचं दही लावतो तसंच आहे हे, बॅक्टेरिया तिथून पसरतात. फक्त ज्या टँकमध्ये मासे आजारी आहेत तिथला स्पंज कधी न्यायचा नाही, नाहीतर दह्याबरोबर रोगही जातो. मग सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा. दर दोन दिवसांनी १८ लिटर खारं पाणी काढायचं आणि तेवढंच साधं आरओचं घालायचं, त्याने रीडिंग ०.००१ ने उतरतं. अठरा दिवसांत १.०२५. यात एक फायदा असा की आरओच्या पाण्यात पीएच वर खेचणारं काही नसतं, म्हणजे अमोनिया पातळ होत जातो पण विषारी होत नाही. अमोनिया शून्यावर आला, सलग तीन टेस्टमध्ये शून्य, तेव्हाच अल्कलिनिटीला हात लावला, तीही साध्या खाण्याच्या सोड्याने. ६०० लिटरला १८ ग्रॅम सोडा म्हणजे १ डिग्री, दिवसाला त्याच्यावर नाही, बादलीत विरघळवून सम्पमध्ये हळूहळू.

आणि त्यानंतरच नायट्रेटला वॉटर चेंज. दर आठवड्याला २५ टक्के, म्हणजे १५० लिटर, त्याला मीठ साडेपाच किलोच्या आसपास, आदल्या दिवशी ड्रममध्ये कालवून पंप लावून ठेवलेलं. हिशोब बघा, १६० चे १२०, १२० चे ९०, मग ६७, मग ५०. कागदावर चार आठवडे. प्रत्यक्षात दुप्पट लागले, कारण दगडांच्या भोकांत साठलेली घाण रोज थोडं नायट्रेट सोडतच असते. वाळूचे मी मनातल्या मनात चार भाग केले आणि एका फेरीत एकाच भागावरून सायफन फिरवला. फिल्टर ज्या आठवड्यात उघडला त्या आठवड्यात वाळूला हात लावला नाही. स्पंज धुवायचा तो बाहेर काढलेल्या टँकच्याच पाण्यात, नळाखाली कधीच नाही.

साहेबांच्या दसऱ्याचं काय केलं, तर फक्त पुढची काच आतून घासली. तीसुद्धा आधी काच आहे की ॲक्रिलिक ते बघून, ॲक्रिलिकवर स्टीलचं ब्लेड फिरवलंत तर तो ओरखडा जन्मभर राहतो. दगडांवरच्या शेवाळाच्या झिपऱ्या हाताने उपटल्या, वरची लाईट दहा तासांवरून सहावर आणली. रिसेप्शनला उभ्या राहिलेल्या माणसाला टँक छान दिसत होता. क्लाएंटला दिसेल असं काहीतरी पहिल्या फेरीत द्यावं, त्यात फसवणूक नाही, त्याने भरवसा बसतो आणि मग तो चार महिने थांबतो.

साहेबांना आत खरे कोरलही पाहिजे होते, आणि हे तुम्हाला प्रत्येक क्लाएंट विचारणार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. सजावटीला म्हणून विकतात ते पांढरं वाळलेलं प्रवाळसुद्धा घेऊ नका, देऊ नका. आम्ही सिरॅमिकचे दगड लावतो, वर्षभरात त्यांच्यावर गुलाबी-जांभळा थर चढला की ओळखूही येत नाही. मासे घ्यायचे तर हॅचरीत वाढलेले क्लाऊनफिश घ्या, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशचं प्रजनन करून दाखवलंय, असे मासे आपल्या टँकमध्ये आल्या दिवसापासून पेलेट खातात आणि त्यासाठी कुठलं प्रवाळाचं बेट ओरबाडावं लागत नाही. माझ्यासारख्या मुंबईतल्या कित्येक पोरांना हे वेड मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयातून लागलं, १९५१ साली सुरू झालेलं ते. शाळेच्या सहलीत काचेला नाक लावून उभे राहायचो. समुद्रावर जीव आहे म्हणूनच हे काम करतोय, तर त्याच समुद्रातून चोरून आणलेलं काही मी टँकमध्ये ठेवणार नाही.

आता ब्लू टँग. त्याच्या डोळ्याच्या मागे आणि कपाळावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले होते. जुन्या, दुर्लक्षित टँकमध्ये हे हमखास दिसतं आणि निकृष्ट खाणं हे त्याचं एक मोठं कारण. या माशाला खाण्यात शेवाळही लागतं, आणि त्याला दोन वर्षं गोड्या पाण्यातल्या माशांचं तरंगतं खाद्य मिळत होतं, सकाळ-संध्याकाळ मूठभर. ते टाकत होत्या हाऊसकीपिंगच्या मावशी. साहेब लगेच म्हणाले, बघा यांच्यामुळे झालं. मला ते फार लागलं. सबंध ऑफिसात त्या माशांकडे रोज बघणारं एकच माणूस होतं आणि तिला कोणी काही शिकवलंच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी पदरचा रिक्षाखर्च करून येऊन खायला घालायच्या त्या.

म्हणून मी एएमसीमध्ये, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारात, लिहून घेतलं की मावशींना महिन्याला वेगळे पैसे मिळतील. त्यांना औषधांची असते ना सोमवार ते रविवारची डबी, ती आणून दिली, एका खणात एका दिवसाचं खाद्य मोजून, त्याच्यावर दाणा नाही. जपानी सुशी करताना वापरतात ती बिनमसाल्याची नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागद, बोटाएवढी कापून क्लिपला लावायला शिकवली. सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारली, बाजूला टेप लावून लिहिलं, ‘रेघेपर्यंत साधं पाणी, मीठ नाही’. एक वही दिली, तापमान लिहायला. त्या वहीतूनच कळलं की रात्री ऑफिसचा एसी बंद झाला की पाणी २६ वरून ३० वर जातंय, मग पाणी थंड ठेवणारा चिलर बसवला. त्यासाठी साहेबांपुढे दुसरा कुठलाही पुरावा ठेवावा लागला नाही.

तिसऱ्या महिन्यात मावशींचा रात्री आठला फोन आला, दादा, त्या फेसाच्या डब्याचा आवाज आज वेगळा येतोय. पंपाच्या पात्यात गोगलगायीचं शंख अडकलं होतं. मी पंधरवड्याने गेलो असतो.

ब्लू टँगचे खड्डे चौथ्या महिन्यात भरत आले, कपाळावर डाग राहिलाय, तो राहील बहुतेक. नायट्रेट आता २५ च्या आसपास असतं, फक्त मासेच असलेल्या टँकला चालतं.

आणि ते फाईलमधलं २०. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली असते ना, तिच्या तळाशी औषध बसतं. ती जोरात हलवली नाही तर रंगच नीट येत नाही, टँक कितीही सडलेला असो, आकडा गोड येतो. तो माणूस खोटं लिहीत नव्हता असंच मी धरतो, त्यालाही कोणी दाखवलं नसणार. इथे टेबलावर किट ठेवलंय आणि त्याच टँकचं पाणी बाटलीत आणलंय, चार-चार जण पुढे या, करून बघू. दुसरी बाटली अर्धा मिनिट हलवायची, घड्याळ लावून.